आषाढातले दोन कोंबडे

शनिवार, रात्र

आज तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर दोन कोंबडे मी वेगळे काढले आणि मांगरातल्या (शेतीच्या कामाच्या छपरातल्या) मोठ्या डालग्याखाली ठेवले. त्यांच्यापुढे पाणी आहे, दाणा नाही. पोट रिकामे असले म्हणजे उद्या साफ करताना आतडे फुटून मांस नासण्याची भीती कमी राहते, एवढ्यासाठीच हा उपास आहे. तो दहा-बारा तासांपलीकडे ताणायचा नाही आणि पाणी तर अखेरपर्यंत तोडायचे नाही, असे शेजारच्या आप्पांनी दोनदा बजावले आहे. अंधार पडल्यावरच धरावेत, हेही त्यांचेच सांगणे. दिवसा धरायला गेले की अंगणभर पळापळ होते, पंख आपटतात आणि बाकीच्या कोंबड्याही दिवसभर बिथरलेल्या राहतात. काळोखात मात्र कोंबडीला फारसे दिसत नाही, त्यामुळे दांडीवर बसलेला कोंबडा दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलला, तेव्हा त्याने घशातल्या घशात एकदाच आवाज केला आणि तो माझ्या काखेत शांत बसून राहिला. त्याचे अंग चांगलेच ऊन होते.

कुडाळ तालुक्यातल्या या घरी राहायला आल्यापासून मी कोंबड्या पाळते, पण आजवर एकही मारलेली नाही. पौषात खुडूक बसलेल्या तांबडीखाली मी बारा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर पडली, त्यांतले एक घारीने नेले, एक मुंगसाने. राहिलेल्या सातांत चार नर निघाले. सहा महिन्यांचे झाल्यावर त्या चौघांनी एकमेकांना रक्तबंबाळ करायला सुरुवात केली आणि तीन तलंगांच्या (तरण्या माद्यांच्या) व त्यांच्या आईच्या पाठीवर पीस म्हणून राहू दिले नाही. तांबडीच्या मानेमागची जखम तर हळद भरूनही सुकेना, कारण ती सुकायच्या आत पुन्हा कोणीतरी तिथेच चोच धरत असे. चार माद्यांत चार नर ठेवता येत नाहीत, ही गोष्ट मला आधीच समजायला हवी होती.

बाजारात नेले असते तर गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक चटकन मिळाले असते. परंतु मुंबईत असताना दर रविवारी मी दुकानासमोर उभी राहत असे आणि पिंजऱ्यातली कोंबडी एका पंखाला धरून ओढली जाताना, मान अर्धवट कापून डब्यात टाकली जाताना तोंड फिरवून रस्त्याकडे बघत असे. पिशवी हातात घेताना मात्र मी पैसे मोजून देत असे. ते तोंड फिरवणे मला आता नको आहे. ज्यांच्या डोळ्यांत सातव्या दिवशी मी स्वतः राणीखेत रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब घातला, पावसाळी रात्री ज्यांच्यासाठी दिवा लावून ठेवला, त्यांना शेवटी अनोळखी हातात देऊन मोकळे होणे मला पटत नाही. आमच्या वाडीत सुरी पुरुषांनी धरायची आणि पिसे बायकांनी काढायची, अशी पद्धत आहे. आप्पांना मी शिकवायला सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “फाटफटी येतंय,” म्हणजे पहाटे येतो.

रविवार, रात्र

पाऊस पहाटेच उघडला. आप्पा आले तोपर्यंत मी चुलीवर पाण्याचे मोठे पातेले चढवले होते आणि मांगराच्या खांबाला तेलाचा पाच लिटरचा कॅन उलटा बांधून ठेवला होता. त्याचे बूड पूर्ण कापले होते आणि तोंडाची बाजू डोके बाहेर येण्याइतकी मोठी केली होती. कोंबडा त्यात उलटा सोडला की अंग चहूबाजूंनी आवळले जाते, पंख आपटत नाहीत, हाडे मोडत नाहीत आणि मारणाऱ्याचा एक हात डोके धरायला मोकळा राहतो. आप्पांनी ही रीत कधी पाहिली नव्हती. त्यांनी कॅनमध्ये हात घालून कापलेली कड चाचपली आणि ती टोचते असे सांगून कानशीने घासून दिली.

पहिला कोंबडा त्यांनी मला माझ्या मांडीवर घ्यायला लावला. जबड्याच्या खाली, कानाच्या पाळीच्या मागे पिसे दुभंगून त्यांनी मला बोटाने जागा दाखवली. तिथे मानेच्या दोन्ही बाजूंनी रक्तवाहिन्या जातात. त्या दोन्ही एकाच ओढीत तुटल्या पाहिजेत. श्वासनलिका मधे राहते, तिला धक्का लावायचा नाही, आणि मणक्यापर्यंत सुरी न्यायची नाही. रक्त झरझर गेले तर काही सेकंदांत त्याची शुद्ध हरपते. एकच बाजू तुटली तर तो उगाच जागा राहतो. हे सगळे मी आधी वाचले होते, पण कोमट मानेवर स्वतःचे बोट ठेवून ती नाडी लागल्यावरच मला ते कळले. आप्पांनी त्याच्या चोचीत पाण्याचे दोन थेंब सोडले. देवाच्या राखणेचा कोंबडा असो वा घरच्या जेवणाचा, ते हे करतातच.

माझा हात थरथरत होता. ते त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “हात थरथरता तर सुरी खाली ठेव गो. त्रास कोंब्याक होतलो.” ते रागावून बोलले नाहीत, पण मी खरोखरच सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि श्वास शांत होईपर्यंत थांबले. मला वाटत होते की माझे कापरे म्हणजे माझी माया आहे. त्या कोंबड्याच्या दृष्टीने ते केवळ वाईट काप बसण्याचे कारण होते, हे आप्पांच्या त्या दोन वाक्यांत मला दिसले.

मग मी त्याला कॅनमध्ये सोडले, डाव्या हाताने डोके धरून मान किंचित ताणली आणि पिसे बाजूला करून सुरी ओढली. रक्त लगेच धारेने आले. दहा-पंधरा सेकंदांत तुरा फिका पडू लागला, डोळ्यावरची पातळ पापणी अर्धवट ओढली गेली. त्यानंतर कॅनमध्ये पाय आणि अंग जोरात झटकले गेले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते झटके शुद्धीतले नसतात, शुद्ध गेल्यावर स्नायूच तसे आवळतात, असे मला ठाऊक होते, तरी त्याचे डोके मी सोडले नाही. दोन मिनिटांनी आप्पांनी डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून दाखवले. पापणी हलली नाही. तेवढी खात्री झाल्याशिवाय गरम पाण्याकडे जायचेच नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले.

दुसऱ्या कोंबड्याबाबत मी चुकले, आणि ते इथे लिहून ठेवले पाहिजे. पहिला नीट झाला म्हणून मी घाई केली. मानेवरची पिसे पुरती दुभंगली नाहीत, सुरी ओल्या पिसांवरून घसरली आणि काप एकाच बाजूला, वरवर बसला. तो ओरडला. मी जागच्या जागी गोठले. आप्पांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून लगेच दुसरा काप घेतला. एकूण चार-पाच सेकंदांची गोष्ट असेल. पण ते चार-पाच सेकंद त्याला माझ्यामुळे भोगावे लागले. आप्पा काही बोलले नाहीत, मीही त्यांना विचारले नाही.

पुढचे काम मात्र हाताला ओळखीचे होते. उकळत्या पाण्यात तेवढेच विहिरीचे गार पाणी मिसळले की पिसे सुटण्यापुरता ऊनपणा येतो. उकळते पाणी तसेच वापरले तर कातडे शिजून फाटते. मिनिटभर बुचकळल्यावर पंखाचे मोठे पीस ओढून पाहिले, ते अलगद आले. माझी दहा वर्षांची मुलगी सकाळपासून घरात बसली होती. पिसे काढायला लागल्यावर ती आपणहून येऊन शेजारी बसली आणि तिने एक अख्खा पंख साफ केला. उरलेली लव चुडताच्या (नारळाच्या सुक्या झावळीच्या) जाळावर भाजली, वरून हळद चोळली, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची गाठ कापून टाकली. आतले काढताना कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी न फोडता वेगळी केली, कारण ती फुटली तर कडवटपणा धुऊन जात नाही.

पेटा, म्हणजे दाणे दळणारे जाड जठर, उभा चिरला तेव्हा आत भाताची चार तुसे, जांभ्याचे तांबडे खडे आणि एक हिरवी काच सापडली. ती माझ्याच बांगडीची होती. चैत्रात विहिरीवर बांगडी फुटली होती. तिच्या सगळ्या कडा झिजून लिमलेटच्या गोळीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. ती मी धुऊन खिडकीत ठेवली आहे.

जिवंत असताना मोठा कोंबडा एक किलो सहाशे ग्रॅम भरला होता, साफ केल्यावर एक किलो पन्नास ग्रॅम राहिला. दुकानातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो पार करतो. याला सहा महिने लागले, आणि त्याने कोंड्याशिवाय शेणातले किडे, वाळवी आणि भातही खाल्ला. मारल्यावर तासाभरात अंग ताठरते आणि तेव्हाच शिजवले तर मांस चिवट लागते, म्हणून एक कोंबडा संध्याकाळपर्यंत झाकून गारव्यात ठेवला आणि दुसरा बुधवारसाठी फ्रीजमध्ये. रात्री वडे आणि रस्सा केला. निम्मे आप्पांच्या घरी पोहोचवले. मला भूक लागली होती आणि मी पोटभर जेवले. आपल्याला घास उतरणार नाही, असे आठवडाभर वाटत होते. तसे झाले नाही, आणि ते लपवावे असेही मला वाटत नाही.

बुधवार

दुसरा कोंबडा आज केला. तीन दिवस मुरल्यामुळे तो रविवारच्यापेक्षा पुष्कळच मऊ शिजला. तो ताटात आल्यावर मला त्याचे ओरडणे आठवले आणि मी पहिला घास सावकाश खाल्ला.

तांबडीच्या मानेवर खपली धरली आहे. तीन दिवसांत तिच्यावर कोणी चोच धरलेली नाही. सकाळी दाणा टाकल्यावर ती बऱ्याच दिवसांनी न दबकता सर्वांच्या मधे येऊन टिपत होती.

उरलेल्या दोन कोंबड्यांपैकी एकच ठेवायचा आहे. आता श्रावण लागेल, त्यामुळे दुसऱ्याचे गणपती गेल्यावर बघू. तोवर सुरीला मी स्वतः धार लावायला शिकणार आहे, आणि कोंबड्या रात्री दांडीवर बसल्या की रोज एकीला मांडीवर घेऊन, मानेवरची पिसे दुभंगून, ती जागा बोटाला डोळे मिटून सापडेपर्यंत चाचपणार आहे. आज तलंगेला घेतले. तिसऱ्या खेपेला जागा सापडली. तोवर ती माझ्या मांडीवर झोपून गेली होती.