कुणी मोजले?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. शाळेच्या आठवणी म्हटलं की सगळे डबा, छडी आणि गॅदरिंगवर लिहितात आणि माझ्याकडे तरी त्यापेक्षा वेगळं काय असणार. मग दिवाळीत माळा आवरताना एक फुलस्केप कागद सापडला, घडीवर फाटलेला. आठवीत शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं माझं भाषण. पहिल्याच परिच्छेदात "सहा फूट उंचीचे धिप्पाड महाराज" असं मी मोठ्या ऐटीत लिहिलेलं, त्याखाली लाल रेघ, आणि समासात इतिहासाच्या सरांच्या मुंगीएवढ्या अक्षरात दोनच शब्द: कुणी मोजले?

सरांचं नाव लिहायची गरज नाही, आपल्या सगळ्या बॅचना इतिहासाला तेच होते.

मला तेव्हा इतका राग आला होता की काय सांगू. भाषण पाठ होतं, आईने फेटाही आणून ठेवलेला, आणि हे विचारतायत कुणी मोजले! मधल्या सुट्टीत त्यांनी टीचर्स रूममध्ये बोलावलं. खाकी कव्हर घातलेलं एक इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्यातलं एक पत्र मला मराठीत सांगत गेले. मे १६६६, महाराज आग्र्यात आहेत, आणि आमेरच्या (म्हणजे पुढच्या जयपूरच्या) राजाचा परकालदास नावाचा माणूस तिथून आपल्या वरिष्ठांना खबर कळवतोय. तो लिहितो की शिवाजी अंगाने बारीक आणि ठेंगणा दिसतो, रंग मात्र विलक्षण गोरा, दाढी राखतो, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, तोही देखणा. आणि पुढे असं की हा कोण हे कुणी सांगितलं नाही तरी बघताक्षणी वाटतं, हा राजा आहे.

मी गप्प. माझ्या "धिप्पाड देहयष्टी"पेक्षा हे भारी होतं हे आठवीतल्या पोरालाही कळत होतं. आणि सांगणारा आपला माणूस नाही, त्याला महाराजांचं कौतुक करायचं काही कारण नाही, म्हणून ते जास्तच भारी.

"हे पत्र जयपूरच्या दफ्तरातून बाहेर कुणी काढलं माहितीय? एका बंगाल्याने," सर म्हणाले. त्या दिवशी इतिहासकार जदुनाथ सरकार हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पुढची दोन वर्षं मग ते इतक्यांदा ऐकलं की आम्ही मागच्या बाकावर सरांनाच जदुनाथ म्हणायला लागलो.

खरे जदुनाथ, माणूस होताच तसा. जन्म १८७० चा, राजशाही जिल्ह्यातल्या करचमारिया गावचा, आता ते बांगलादेशात. १८९२ ला कलकत्त्याला इंग्रजीत एमए, पहिला वर्ग आणि पहिला नंबर. बरीच वर्षं शिकवलं इंग्रजीच, आणि सगळा जीव अडकला औरंगजेबात. त्यासाठी फारसी शिकले, मराठी शिकले, युरोपातल्या ग्रंथालयांतून हस्तलिखितांचे फोटो मागवले, आणि १९१२ ते १९२४ अशी बारा वर्षं औरंगजेबाचे पाच खंड निघत राहिले. तेही पाटणा, बनारस, कटक असं जिथे बदली होईल तिथल्या कॉलेजात तास घेत घेत. मधेच १९१९ ला शिवाजी महाराजांवरचं पुस्तक.

मग मानमरातब आले. १९२६ ते २८ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, १९२९ ला सर ही पदवी, बंगालच्या कायदेमंडळात तीनेक वर्षं. बाकीचं कुणी असतं तर इथून पुढे नुसते सत्कार आणि अध्यक्षीय भाषणं. हा गडी परत कागदांत घुसला आणि मोगल साम्राज्य कसं कोसळलं त्याचे चार खंड लिहीत बसला, शेवटचा १९५० ला आला, म्हणजे वय वर्षं ८० च्या उंबरठ्यावर! मला कुलगुरुपदापेक्षा याचं अप्रूप जास्त वाटतं. (इंग्रजांकडून सर घेतलं म्हणून त्यांना नावं ठेवणारेही होते आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.)

आपल्याकडे त्यांच्यावर राग होताच. शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात त्यांनी मराठी राज्याच्या उणिवा काढल्या, जातिभेदावर बोट ठेवलं, ते लोकांना झोंबलं. आमच्या वर्गातही एकाने उठून विचारलं होतं की सर बाहेरच्या माणसाने आपल्याला का शिकवायचं. सर म्हणाले, "पटत नसेल तर खोडून काढ ना. पण कागद दाखवून काढ, आवाज चढवून नको."

आता आपल्या शाळेशी याचा काय संबंध असं वाटत असेल, तर संबंध लोकलने दोन स्टेशनं इतकाच लांब आहे. नववीत सरांनी आम्हा सात-आठ पोरांना रविवारी कामशेतला नेलं. आम्हाला वाटलं कार्ल्याला जाणार, म्हणून सगळे टॉर्च वगैरे घेऊन आलेले. कामशेतला उतरून इंद्रायणीच्या बाजूला चालायला लागलो आणि सर म्हणाले, इथे 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई राहायचे. बडोद्याला सयाजीरावांकडे नोकरी करून निवृत्त झाले आणि इथे येऊन राहिले. १९०४ पासून त्यांची आणि जदुनाथांची पत्रं सुरू झाली ती दोघं म्हातारे होईपर्यंत, किल्ले आणि रणांगणं बघायला बरोबर हिंडायचे, आणि जदुनाथ इथे, याच कामशेतला येऊन मुक्काम करायचे. पुण्यातल्या पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सरकारने उघडावेत यासाठी जदुनाथांनी जोर लावला, निवडीचं काम सरदेसायांकडे आलं, पुण्यातल्या काही मंडळींना ते अजिबात रुचलं नाही, आणि तरी १९३० ते ३४ मध्ये ४५ भाग छापून झाले. जदुनाथ १९५८ ला गेले, रियासतकार १९५९ ला.

हे सगळं ऐकत आम्ही वडापाव खात होतो. मग सरांनी पिशवीतून मोडीतल्या एका जुन्या कागदाची झेरॉक्स काढली, त्यांच्याच घरचा जमिनीचा कागद, आणि म्हणाले वाचा. अक्षर सुटं म्हणून नाही, सगळं एकाला एक जोडलेलं, वरून एक लांबलचक रेघ. तासभर डोकं लावून आम्हा सगळ्यांना मिळून लागलेला शब्द एकच, "विहीर", आणि तोही सरांनी अर्धा सांगितल्यावर. "अशी हजारो रुमालं आहेत तिकडे पुण्यात," एवढंच ते बोलले. परतीच्या लोकलमध्ये कुणी फारसं बोललं नाही, टॉर्च मात्र बोगदा येईल म्हणून एकाने हातातच धरलेला, आणि त्या बाजूला बोगदा नाहीच.

मी काही इतिहासकार झालो नाही. ऑडिटमध्ये आहे, दिवसभर लोकांना व्हाउचर कुठंय विचारत असतो आणि शिव्या खातो.

परवा आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, महाराजांची उंची, तलवारीचं वजन, सगळं आकड्यांत, खाली पंधरा जणांचे हात जोडलेले. मी फक्त टाइप केलं, कुणी मोजले? दहा मिनिटं ग्रुपवर सामसूम. मग त्या टॉर्चवाल्याचा मेसेज आला, "उठा रे, सर आले वर्गात."