इंडेक्सेशनमधला तोटा

सप्टेंबर 2025 मध्ये, रिटर्नची मुदत संपायला तीन दिवस उरले असताना घोडबंदर रोडचे एक निवृत्त काका नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात आले. हिशेब घरूनच करून आणला होता. "फ्लॅटमध्ये 41 लाखांचा तोटा झालाय. तो म्युच्युअल फंडाच्या नफ्यातून वजा करून टाका."

आकडेमोड बरोबर होती. 2013-14 मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह 88 लाखांना पडलेला फ्लॅट नोव्हेंबर 2024 मध्ये 1 कोटी 5 लाखांना विकला, दलाली 1 लाख. इंडेक्सेशन म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणं. महागाईचा सरकारी निर्देशांक 220 वरून 363 वर गेला, म्हणून खरेदी किंमत 145.20 लाख, तोटा 41.20 लाख. इंडेक्स टूवरचं, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यावरचं, सरकारी बाजारमूल्य करारापेक्षा कमीच होतं, तिथेही अडचण नव्हती.

अडचण विक्रीच्या तारखेत होती. 23 जुलै 2024 पासून नफा मूळ किमतीवरच मोजायचा, म्हणजे इथे 16 लाख. आधी घेतलेल्या घराला सवलत आहे, पण ती करापुरती: 12.5 टक्क्यांनी येणारे 2 लाख आणि इंडेक्सेशन लावून 20 टक्क्यांनी येणारं शून्य, यांतलं कमी ते धरायचं. घरावरचा कर शून्य झाला. तोटा मात्र कुठेच उभा राहत नाही. शेड्यूल सीएफएलमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या पुढे न्यायच्या तोट्यांच्या तक्त्यात, तो लिहायचाच नाही. हेच सांगताना सगळ्यात जास्त वेळ गेला.

घर 88 लाखांच्या खाली गेलं असतं तर तो तोटा कायद्यालाही मान्य. पण तोही फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, पेन्शनमधून नाही. उरलेला 8 वर्षं पुढे नेता येतो, रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

दुसऱ्या कागदावर काकांनी गृहकर्जाचं व्याज आणि सोफा-कपाटंही खर्चात धरली होती. ज्या व्याजाची वजावट दरवर्षी घेतली ते पुन्हा किमतीत मिळवता येत नाही. सुटं फर्निचर म्हणजे घर नव्हे.

फंडाचा नफा 9 लाख. सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेआठ लाखांवर त्याच 12.5 टक्क्यांनी 96,875 रुपये, सेससह 1,00,750.

"मग जूनमध्येच विकलं असतं तर?"

तर जुन्या नियमानं इंडेक्सेशनचा तोटा चालला असता आणि हा कर लागलाच नसता. जूनमध्ये गिऱ्हाईक आलं होतं, दोन लाख कमी देत होतं. काका बराच वेळ गप्प होते.

पेन्शनवरचा कर आधीच कापलेला होता. फ्लॅट घेणाऱ्यानं कापलेला 1 टक्का टीडीएस, 1,05,000, फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसत होता. 4,250 रुपयांचा परतावा मागून रिटर्न त्याच संध्याकाळी भरलं.