तिसऱ्या मजल्याचा जिना

आमच्या मुलांच्या वसतिगृहाच्या मागच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, रोज संध्याकाळी सिगारेटी पेटतात. कॉलेजच्या एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी म्हणून मी तिथं दोनदा जाऊन बोललो. पोरांनी माना खाली घालून ऐकलं आणि माझी पाठ वळताच पुन्हा काडी ओढली. म्हणून यंदा आठ स्वयंसेवक तयार केले. मुलांशी मुलांनीच बोलायचं.

तयारीत त्यांना एक गोष्ट फार लागली. दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट बोटांत नुसतीच जळत असते. तेव्हा जळण अर्धवट होतं, धूर जास्त विषारी निघतो आणि तो फिल्टरमधून जातच नाही. शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः हाच येतो. जपानचे संशोधक हिरायामा यांनी 1981 सालीच दाखवलं होतं, की स्वतः न ओढणाऱ्या पण नवरे ओढत असलेल्या बायकांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळतो. "म्हणजे सर, रूम पार्टनरचंही तेच," दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला.

त्या शनिवारी जिन्यात तोच उभा राहिला. मी खालच्या मजल्यावर थांबलो होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यानं कायद्यापासून सुरुवात केली: 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी, दोनशे रुपयांपर्यंत दंड. (दंडाच्या धाकानं कुणी थांबतं, असं मला कधीच वाटलं नाही.) "आमच्या पैशानं ओढतो. खिडकी उघडी आहे. तुला कसला त्रास?" वरून उत्तर आलं.

तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या. पायरीच्या कोपऱ्यात अडकलेली थोटकं त्या खराट्याच्या टोकानं उकरून काढत होत्या. त्यानं विचारलं, "मावशी, किती वर्षं झाडताय इथं?"

"अकरा झाली की."

"धुराचा त्रास होतो?"

मावशींनी पदर नाकाशी नेला. "ह्यो वास धुतला तरी जात न्हाई बघ. सुनेनं पयल्या वर्षी इचारलं, आत्याबाई, इडी वढता का म्हणून. म्या कधी मिश्री बी लावली न्हाई, बाळा. आता जिना चढले की दम लागतोय."

वर कुणी बोललं नाही. सगळ्यात मोठ्यानं वाद घालणाऱ्या पोरानं सिगारेट भिंतीवर विझवली. थोटूक टाकायला खाली बघितलं, तर पायरी नुकतीच झाडलेली. त्यानं ते मुठीत धरलं आणि तसाच खाली उतरला. माझ्या शेजारून गेला, पण नजर वर केली नाही.

अड्डा बंद झाला असं मी म्हणणार नाही. पुढच्याच आठवड्यात तिथं तिघं दिसले. पण रविवारी सकाळी तो स्वयंसेवक माझ्या दारात उभा होता. "सर, मावशींचा दम तपासायचा. नळीत फुंकून करतात ती तपासणी कुठं होते?"

सोमवारी त्यांना घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. नंबर येईपर्यंत मावशी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पैसं किती पडतील रं?"