होज वाळवायचा मनोरा

अग्निशमन सेवा सप्ताहाचा तिसरा दिवस होता. १४ एप्रिलला सकाळी आम्ही मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १९४४ साली प्राण गमावलेल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना दिली होती आणि संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीजवळ बंब उभा ठेवला होता. १६ तारखेला बांधकाम विभागाचे अभियंते आमची जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिची मोजमापे घेण्यास आले. केंद्र अधिकारी या नात्याने ती त्यांना दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. वऱ्हाडातल्या आमच्या गावात या इमारतीला कोणी अग्निशमन केंद्र म्हणत नाही. तिचे नाव बंबखाना.

पहिला प्रश्न दारांचा निघाला. कमानीची दोन्ही दारे जेमतेम आठ फूट रुंद असल्याने आताचा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याची टाकी असलेला मोठा बंब, आत शिरत नाही. तो बाहेर पत्र्याच्या शेडखाली असतो. तरुण अभियंत्याला ही बांधणाऱ्यांची चूक वाटली. परंतु ही दारे जीपमागे ओढायच्या ट्रेलर पंपासाठी होती आणि त्या मापाने ती पुरेशी होती. ट्रेलर पंपाला स्वतःचे पाणी नसते, सक्शन होज, म्हणजे पाणी ओढणारी जाड नळी, विहिरीत किंवा हौदात सोडून ते ओढून घ्यावे लागते. समोरची, आता जाळी टाकून बंद केलेली विहीर आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचा कापूस बाजार पाहिला की ही जागा का निवडली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या नोंदवहीत दिवाळीपासून चैत्रापर्यंतची पाने जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, आगींनीच भरलेली आहेत.

मागच्या चौकोनी मनोऱ्यापाशी अभियंता म्हणाला, "साहेब, वर भोंगा होता का?" उत्तर आमच्या निवृत्त चालककाकांनी दिले, इमारत पाडणार हे कळल्यापासून ते रोज येऊन बसत. "भोंगा नाही जी, होज वाळू घालाचो आम्ही तिथं." कॅनव्हासचा होज पाणी पितो, जड होतो आणि ओलाच गुंडाळला तर बुरशी धरून कुजतो. १५ मीटरचा होज मधोमध टांगला तरी साडेसात मीटर उंची लागते. मनोरा त्याच हिशेबाने उभारलेला आहे. रबराचे अस्तर असलेले होज आल्यावर आम्ही ते अंगणातच पसरू लागलो आणि मनोऱ्यात मोडक्या खुर्च्या गेल्या.

पावणेबाराला एका जिनिंगमधून फोन आला. कापसाबरोबर आलेला लोखंडाचा तुकडा यंत्रात अडकून ठिणगी पडली होती आणि आग रुईच्या गाठींपर्यंत पोहोचली होती. तिथल्या हायड्रंटचे, म्हणजे आगीसाठी होज जोडायच्या नळाचे, प्रमाणपत्र जानेवारीतच दिलेले होते. पेटीत होज मात्र नव्हता. (महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने वर्षातून दोनदा प्रमाणपत्र मागितले आहे, पेटी उघडून पाहण्याची सवय कोणता अधिनियम लावणार?) १७० किलोची घट्ट दाबलेली गाठ वरून विझल्यासारखी दिसते, पण आतला निखारा दोन दिवसांनीही पेट घेतो, म्हणून पट्ट्या तोडून प्रत्येक गाठ उकलावी लागते. गोदीतल्या फोर्ट स्टिकिन जहाजावरही कराचीहून चढवलेला कापूसच धुमसत होता, आगीचे मूळ सापडत नव्हते आणि त्याच जहाजात स्फोटके होती. दोनच दिवसांपूर्वी हे भाषणात सांगितले होते. उकललेल्या गाठीतून उठणारा दाट पिवळसर धूर नाकात गेल्यावर मला गोदीतल्या त्या माणसांचे पाणी मारण्याचे ते तास खऱ्या अर्थाने कळले.

आम्ही परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. चौदा होज ओले, चिखलाने व रुईने माखलेले होते आणि अंगणात मात्र हलवाहलवीसाठी काढलेली कपाटे, खाटा आणि नोंदवह्यांचे गठ्ठे पसरलेले होते. काकांनी न विचारता मनोऱ्यातल्या खुर्च्या बाहेर काढायला सुरुवात केली. कप्पी गंजलेली होती, पण तेल घातल्यावर फिरली. दोरखंड आम्ही बंबातला वापरला. माझ्या हाताखालच्या मुलांपैकी एकानेही असे होज टांगलेले पाहिले नव्हते, त्यामुळे पहिले दोन उलटे बांधले गेले आणि काकांच्या शिव्या सगळ्यांना ऐकाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी अभियंता मनोऱ्याची आतली उंची मोजायला आला. वरून पाणी ठिबकत होते. होज वाळेपर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, त्याला टेप गुंडाळून बाहेर बसावे लागले.