हा लाँगच्या उपसागरात नौकेवर मुक्काम

पाठीवर पिशवी टाकून व्हिएतनाम फिरणारा जवळजवळ प्रत्येक जण हनोईला पोहोचला की हा लाँग उपसागरातील मुक्कामी नौकासहलीची चौकशी करतो, आणि त्याला आम्हीही अपवाद नव्हतो. नौपाड्याचा मी, कोपरखैरण्याचा माझा आत्येभाऊ आणि वहिनी अशा तिघांनी ही सहल अनोळखी प्रवाशांसोबत, म्हणजे गटातील जागा घेऊन केली. आमच्या मागून ठाण्या-वाशीतली बरीच मंडळी तिकडे निघालेली दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जाहिरातीत ‘दोन दिवस, एक रात्र’ असे लिहिलेले असले तरी नौकेवर आपण चढतो ते पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, आणि उतरतो दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला. खोली तर न्याहारीनंतर लगेच रिकामी करावी लागते. उरलेला वेळ हनोईहून द्रुतगती मार्गाने बंदरापर्यंत जाण्यायेण्यात जातो. एका बाजूचे अडीच तास आणि वाटेत मोत्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानापाशी सक्तीचा थांबा असा हिशेब असतो. त्यामुळे जे चोवीस तासही भरत नाहीत ते कोठे आणि कसे घालवायचे, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवणे महत्त्वाचे आहे.

एकाच नावाखाली प्रत्यक्षात तीन ठिकाणे विकली जातात. मूळ हा लाँग उपसागर क्वांग निन्ह प्रांतात असून तेथील बहुतेक नौका तुआन चाऊ बंदरातून सुटतात. त्याच्या ईशान्येला बाय तू लाँग आहे, आणि दक्षिणेला कात बा बेटाला लागून असलेला ‘लान हा’ नावाचा उपसागर हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो. युनेस्कोने हा लाँगला 1994 मध्ये जागतिक वारसा ठरवले आणि 2023 मध्ये कात बाचा द्वीपसमूहही त्यात जोडला. निसर्ग तिन्हीकडे एकच आहे. चुनखडीचे डोंगर पावसापाण्याने झिजत गेले, पुढे समुद्राची पातळी वाढली आणि शिखरे तेवढी पाण्यावर राहिली. गर्दी मात्र एकसारखी नाही. सुंग सॉत गुहा आणि ‘ती टॉप’ नावाचे बेट पाहायचेच असेल तर मूळ हा लाँगला पर्याय नाही. शांतता हवी असेल तर ‘लान हा’ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवाशांच्या वसतिगृहात सहली विकणाऱ्या खिडकीवर बसलेला मुलगा ‘सगळे सारखेच’ म्हणतो, तेव्हा त्याला नौका कोणत्या धक्क्यावरून सुटते आणि रात्री नांगर कोठे टाकते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रश्न खोल्यांच्या संख्येचा. वीसपेक्षा कमी खोल्यांच्या नौकेवर जेवणाच्या मेजावरच ओळखी होतात. मोठ्या नौकेवर सोयी जास्त, पण गुहेच्या पायऱ्यांवर पुढच्याच्या टाचा पाहत चढावे लागते. सर्वांत खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त असते, मात्र जनित्राची घरघर आणि डिझेलचा वास रात्रभर सोबतीला राहतो. आमच्याच मिनीबसमधल्या एका जोडप्याला सज्जा असलेली खोली कबूल केली होती आणि हाती आली ती गोल खिडकीची. तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नसल्याने मजला, खिडकी आणि जेवण या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. पाणी, चहा-कॉफी आणि मद्य यांचे पैसे बहुधा निराळे पडतात.

वहिनी शाकाहारी असल्याने जेवणाची काळजी होती. आधी कळवले तर टोफू, भाज्या, भात आणि फळे व्यवस्थित मिळतात, परंतु केवळ ‘मांस नको’ म्हटल्यास भाजीत मत्स्यसॉस पडतोच, कारण त्यांच्या लेखी तो मीठासारखा आहे. अंडे चालते की नाही, हेही वेगळे सांगावे. वहिनींनी बरोबर आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीने त्या वाफवलेल्या कोबीचे भाग्य उजळले, आणि शेजारच्या मेजावरून दोनदा वाटी मागवली गेली.

कायाकिंगच्या, म्हणजे छोट्या होडीतून स्वतः वल्हवत फिरण्याच्या, वेळी कंबरेपर्यंत भिजायला होते, म्हणून लवकर सुकणारी अर्धी चड्डी आणि भ्रमणध्वनीसाठी जलरोधक पिशवी हवीच. काही गुहा आरपार आहेत, पण त्यांचे तोंड इतके ठेंगणे आहे की भरती चढली की वाट बंद होते. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्या बोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, तसेच हेही आहे. वाटाड्या ‘आज नाही’ म्हणाला तर वाद घालू नये. पोहणेही नेमून दिलेल्या जागीच करता येते.

घारापुरी आणि कान्हेरी पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना गुहा म्हटले की छिन्नीच्या खुणा आठवतात. सुंग सॉतमध्ये छतावर लाटांसारखे गुळगुळीत खळगे दिसतात, तेथे हात कोणाचाच लागलेला नाही, सारे पाण्याचे काम आहे, आणि सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये असे घडत नाही. रंगीत दिवे नसते तर अधिक बरे झाले असते. ती टॉप बेटाला सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांचे नाव आहे. 1962 मध्ये ते हो चि मिन्ह यांच्यासोबत येथे आले होते. वर जायला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालच्या किनाऱ्यावर थांबलेले उत्तम.

रात्री नौका ठरवून दिलेल्या जागीच नांगर टाकतात, त्यामुळे चित्रातल्यासारखा एकांत न मिळता आजूबाजूला इतर नौकांचे दिवे दिसतात. माकूळ पकडण्यासाठी बांबूच्या काठ्या देतात आणि पाण्यावर प्रखर दिवा सोडतात; आमच्या गटात एकाच्याही गळाला काही लागले नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र हयगय नको. फेब्रुवारी 2011 मध्ये येथे नांगरलेली एक नौका पहाटे, प्रवासी झोपेत असताना बुडाली आणि 12 जणांचा मृत्यू झाला. जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळात दिवसाच्या सहलीची एक नौका उलटून 35 हून अधिक माणसे दगावली. खोलीत शिरल्यावर सर्वप्रथम जीवरक्षक जाकिटे मोजावीत, एक अंगात घालून पट्टे आवळून पाहावेत, खिडकी उघडते का ते तपासावे आणि जिन्यापर्यंतची वाट अंधारात सापडेल इतकी लक्षात ठेवावी. लहान मुले बरोबर असल्यास त्यांच्या मापाचे जाकीट आधीच मागावे.

जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. इशारा आला की बंदर प्रशासन नौका सोडत नाही, आणि मग पैसे परत मिळतात किंवा दुसरी तारीख मिळते; यासंबंधीची अट पावतीवर असावी आणि हनोईत एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. जानेवारी-फेब्रुवारीत धुके आणि पंधरा अंशांच्या आसपासचा गारठा असतो, तेव्हा ठाण्याच्या थंडीचा स्वेटर पुरत नाही.

पारपत्र हनोईच्या वसतिगृहात ठेवू नये, कारण प्रवाशांची यादी बंदरावर नोंदवली जाते. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. एकदाच प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर आहे. अर्जात वडिलांचे किंवा पतीचे नाव पारपत्रावर ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात लिहावे, कारण आपल्या तीन शब्दी नावांचा घोळ विमानतळावर निस्तरणे कठीण जाते. परतीची बस हनोईत दुपारी साडेतीन-चारला पोहोचते, पण वाहतुकीचा भरवसा नसल्याने त्याच दिवशी मुंबईचे विमान घ्यायचे असल्यास ते रात्री नऊनंतरचे पाहावे आणि मोठे सामान पहिल्या दिवशी सकाळीच वसतिगृहात ठेवून निघावे.