मोडी, देवनागरी, इंग्रजी एका पानावर : जुळणीची तिसरी नोंद

एकाच पानावर तीन लिप्यांतला मजकूर संगणकावर जुळवायचा आहे. आराखडा आधीच्या दोन नोंदींतलाच. डावीकडे मोडी मजकूर, उजवीकडे देवनागरी लिप्यंतर, तळाला इंग्रजी टिपा. इंजिन झीलाटेक (मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवणारी प्रणाली), भाषांसाठी तिचं पॉलिग्लॉसिया हे पॅकेज.

देवनागरी मार्गी लागली. फॉन्ट देवनागरी लावला की काम झालं, असं मात्र नाही. फॉन्टस्पेकमध्ये (फॉन्ट निवडण्याच्या पॅकेजमध्ये) स्क्रिप्ट 'देवनागरी' सांगितली नाही तर जोडाक्षरं सुटतात आणि 'कि'ची वेलांटी क-च्या मागे जाऊन बसते. लँग्वेज 'मराठी' सांगायची राहिली तर सगळं ठीकच दिसतं, फक्त ल दांडीचा येतो आणि श हिंदी वळणाचा. (मराठी रूपं फॉन्टमध्येच नसतील तर इलाज नाही.) चाचणीला 'शाल' हा शब्द पुरतो, दोन्ही अक्षरं एकदम तपासली जातात. 'दुसऱ्या'चा दोष जुळणीचा नव्हे, टंकनाचा: साधा र टाकला की य-वर रफार चढतो. तिथे नुक्त्याचा ऱ, म्हणजे युनिकोड ०९३१, हवा.

इंग्रजी टिपा समासाबाहेर धावत होत्या. मजकूर टेक्स्टइंग्लिश या 'हा भाग इंग्रजी' सांगणाऱ्या आज्ञेत न घातल्यामुळे शब्द तोडायला मराठीचे नियम लागू होत होते, आणि त्यांत रोमन अक्षरंच नाहीत. मग लांब शब्द तुटणार कसा? प्रत्येक टीप त्या आज्ञेत गुंडाळल्यावर ओव्हरफुल एचबॉक्सच्या, म्हणजे ओळ समासाबाहेर गेल्याच्या, सूचना थांबल्या.

खरी डोकेदुखी मोडीची. फॉन्ट नोटो सान्स मोडी. फॉन्टस्पेक 'मोडी' ओळखत नसेल तर न्यूफॉन्टस्क्रिप्ट या आज्ञेने लिपीची चार अक्षरी खूण नोंदवायची. अक्षरं नीट जुळतात, पण परंपरेप्रमाणे शब्दांत जागा न सोडता मजकूर भरला की अख्खा परिच्छेद एकच शब्द ठरतो आणि ओळ कुठेच मोडत नाही. उपाय म्हणून उजवीकडचं लिप्यंतर पाहून प्रत्येक शब्दाअखेरीस एचस्पेस या आज्ञेने शून्य पॉइंट रुंदीची जागा घातली, म्हणजे तिथे ओळ मोडू शकते. तिला ताण दिला, म्हणजे 'प्लस १ पॉइंट' वगैरे लिहून गरजेप्रमाणे रुंदावू दिलं, तर ओळी दोन्ही बाजूंनी भरतात, पण शिरोरेषेत फटी पडतात आणि मोडीची सगळी ऐट जाते. म्हणून ताण शून्यच ठेवला आणि त्या स्तंभाला रॅगेडराइट (उजवी कड मोकळी सोडणारी आज्ञा) लावलं. उजवी कड दातेरी दिसते, पण रेषा अखंड राहते.

या शून्य जागा हाताने टाकायच्या म्हणजे वेळखाऊ काम. सध्या शब्दांत साधी जागा सोडून टंकन चालू आहे. पुढच्या टप्प्यात मोडीच्या भागापुरती ती जागा आपोआप शून्य पॉइंट करायची आहे.