डॅलसमधलं सॅलड आणि लातूरची घोळ

इथे डॅलसमध्ये ‘आज फक्त सॅलड’ म्हणणाऱ्याच्या ताटलीत डोकावून बघावं. ऑफिसच्या कँटीनमध्ये तळाला आइसबर्ग लेट्यूसचा पाला असतो, म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यावर किसलेलं चीज, तळलेल्या पावाचे तुकडे, साखरेत घोळवलेल्या सुक्या क्रॅनबेरी, आणि शेवटी पळीभर रँच ड्रेसिंग, म्हणजे ताक-मेयोनीजचं दाट सॉस. बाटलीवर लिहिलेलं असतं, दोन टेबलस्पूनला साधारण १३० कॅलरी. पळीत दोनच टेबलस्पून मावतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ती पळी बघावी.

अमेरिकेत एक बरं आहे. २० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना २०१८ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. त्यात सीझर सॅलड कधीकधी बर्गरच्याही वर निघतं. (हे सीझर म्हणजे रोमचा नव्हे. हे सॅलड मेक्सिकोतल्या तिहुआनाचं, १९२४ च्या सुमाराचं.)

आईला फोनवर डब्याचं सांगितलं की ती म्हणते, ‘शेळीवानी पाला खाऊन भागतंय का गं? भाकर कुठाय?’ पण पाला आपण कमी खाल्ला का? भाकरीसोबत कोवळी मेथी, पाथरी, कांद्याची पात, हरभऱ्याचे शेंडे, सगळं कच्चंच, वर मीठ आणि हिरवी मिरची. इथल्या मेक्सिकन दुकानात घोळ जुडीनं विकत मिळते. आपल्याकडे ती शेतात तण म्हणून उपटतात. पालेभाजी असून तिच्यात ओमेगा-३ हा चांगला स्निग्धांश असतो, आणि आंबटपणामुळे लिंबूही कमी लागतं.

आता माझा डबा असा. घोळ किंवा पालक, काकडी, टोमॅटो, मुळा, आणि वाटीभर मोड आलेली मटकी. मटकीला पाचच मिनिटं वाफ द्यायची, दाताखाली कच लागली पाहिजे. तिच्यामुळे प्रथिनं मिळतात आणि चार वाजता बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही. ड्रेसिंग म्हणजे साय काढलेल्या दुधाचं घट्ट दही, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अर्धं लिंबू. मटकीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. मीठ डबा उघडल्यावर घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळा चिखल होतो.

तेल मात्र मी पूर्ण बंद केलेलं नाही. हिरव्या पानांतली अ आणि के जीवनसत्त्वं शरीरात शोषली जायला थोडा स्निग्धांश लागतोच, त्यामुळे ‘फॅट फ्री’ ड्रेसिंगचं मला कौतुक नाही. चहाचा एक चमचा तेल, ४० कॅलरी, बास. मोठ्या चमच्यानं घातलं की तेच १२० होतं. आपल्या कोशिंबिरीचंही हेच आहे. तूप-जिऱ्याची फोडणी आणि मूठभर कूट पडला की ती हलकी राहत नाही. कूट मोठा चमचाभरच, तोही ५० कॅलरीच्या आसपास जातो.

संभाजीनगरच्या कॅफेंतही आता सॅलडचं पान असतं म्हणे. मागवलंत तर ड्रेसिंग वेगळ्या वाटीत आणायला सांगा. निम्मी वाटी उरते, आणि चवीत काही फरक पडत नाही.